तीन ओळींचा ऐवज

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. जिनिंगच्या दारात उभे राहून घसा कोरडा करणे हा आमचा नित्यक्रम. तीन ओळींच्या कवितेवर आम्ही काय बोलणार, असे कुणी म्हणेल. पण शिरीष पै आम्हांला जवळच्या वाटतात.

१९२९ साली जन्मलेल्या या बाई आचार्य अत्र्यांच्या कन्या. १९५६ साली निघालेल्या ‘मराठा’तून अत्रे संयुक्त महाराष्ट्रासाठी गर्जत होते, बाईही त्या पत्रात राबल्या. अशा घरातल्या बाईंनी जपानी हायकू मराठीत रुजविला!

जपानीत तो पाच, सात, पाच अशा सतरा उच्चारांचा असतो. बाईंनी मोजणीचा हट्ट धरला नाही. तीन ओळी आणि डोळ्यांनी टिपलेला एक क्षण एवढे राखले. हायकू उपदेश करीत नाही. उरलेले वाचणाऱ्याने पुरे करायचे. त्यासाठी त्याच्यावर विश्वास हवा. आम्हां भाषणवाल्यांना हा धडा मोलाचा आहे.

२०१७ साली बाई गेल्या. आठ तासांच्या पाळीसाठी कामगार लढला तो केवळ विश्रांतीकरिता नव्हे. घरी जाताना फुललेला पळस क्षणभर थांबून पाहता यावा, याकरिताही.