जुना लॅपटॉप : टाकावा की टिकवावा?

यंत्र बंद पडले म्हणजे निर्णय सोपा असतो. ते सुरळीत चालत असताना कालबाह्य ठरवले जाते, तेव्हा खरी अडचण होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले आणि चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावातील शिक्षक, लिपिक व विद्यार्थी यांच्यापुढेही हा पेच उभा राहिला. लॅपटॉप पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, अर्ज टंकलिखित होतात, गुणपत्रके तयार होतात. मग बिघडले काय?

बिघडले ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. प्रणालीतील जी छिद्रे दरमहा बुजवली जात, ती आता उघडीच राहतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील माहिती खंडणीसाठी अडकवून ठेवली. त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. जेथे ती बसवली गेली नव्हती, तेथेच घात झाला. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, तो तसाच वापरीत राहण्याला काटकसर म्हणता येणार नाही.

तथापि यावरून नवा लॅपटॉप हप्त्यांनी घ्यावाच, असा निष्कर्ष निघत नाही. कलम कितीही उत्तम असले तरी खुंट त्याला मानवला पाहिजे, हे या भागातील संत्रा-बागायतदारास सांगावे लागत नाही. ‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलचे बहुतांशी आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या सुमारास व त्यानंतर आलेले प्रोसेसर त्यात बसतात. लॅपटॉप पात्र असेल तर हा बदल विनामूल्य होतो; तो अवश्य करावा. प्रोसेसरच जुना असेल तर रॅम वाढवून वा एसएसडी बसवून वेग वाढेल, पात्रता येणार नाही.

अशांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-योजना जाहीर केली. परंतु ती केवळ मुदतवाढ होय. टिकाऊ पर्याय मुक्त प्रणालींचा आहे. ‘लिनक्स मिंट’ किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ यांना परवाना-शुल्क नाही. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणाली फार पूर्वीच स्वीकारली. पेन ड्राइव्हवरून ‘मिंट’ आधी चालवून पाहता येते. मात्र मूळ कागदपत्रांची प्रत प्रथम बाजूला काढून ठेवावी. युनिकोडमधील मराठी मजकूर अडणार नाही, परंतु जुन्या फॉन्टमधील मजकूर व कार्यालयीन आज्ञावली चालतात की नाही, हे तपासूनच पुढे जावे.

अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू पडतो. लॅपटॉपला पूर्वी मोजलेली किंमत परत येणारी नाही. ती हिशेबात धरू नये. यापुढील खर्च, धोका आणि उपयोग यांचीच तुलना करावी. मर्यादित वेतनातील पाच-पन्नास हजार रुपये मुलांच्या शिक्षणाला लागायचे की केवळ प्रणाली बदलली म्हणून लॅपटॉपवर जायचे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा आहे. पण शाळा, महाविद्यालये व शासकीय कार्यालये यांनी तरी खरेदीपूर्वी किमतीबरोबरच ‘साहाय्य किती वर्षे मिळणार?’ हे विचारावयास हवे. ते विचारले जात नाही तोवर यंत्राचे आयुष्य विक्रेता ठरवणार आणि त्याचा घसारा ग्राहक सोसणार.