पंख्याची जागा कोण ठरवतं?

बालाघाटची रांग बीड, धाराशिव आणि लातूर ओलांडून नांदेडच्या कंधारकडे उतरत जाते. माथ्यावर मुरमाड माळ, बेताचा पाऊस, सोयाबीन आणि तूर. पाटोदा, केज, वाशी, भूम या भागातल्या माळांवर आता पवनचक्क्या दिसतात. गावातले लोक त्यांना सरळ 'पंखे' म्हणतात. पंखा नको असं सरसकट म्हणणारा शेतकरी इथे फारसा भेटत नाही. पडीक रानाचे पैसे होतात हे कोणाला नको आहे? तक्रार असते ती जागेची. माझ्याच बांधाला का, माझ्याच पांदणीतून का, आणि हे ठरवताना मला कोणी का विचारलं नाही?

पंखे आत्ताच इथे का आले, याचं उत्तर यंत्रात आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा एकेक यंत्र 350 किलोवॉटचं होतं आणि त्याला सह्याद्रीच्या माथ्यावरचा वारा लागे. आजचं यंत्र 3 मेगावॉटच्या पुढचं आहे. मनोरा 140 मीटर उंच, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 144 मीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि जमिनीपासून जितकं वर जावं तितका वारा जोरकस. त्यामुळे पूर्वी कोणी ढुंकून पाहिले नसते ते मराठवाड्यातले माळ उंच मनोऱ्यांमुळे एकदम कामाचे झाले.

या मोजमापांतच भांडणाचं मूळ आहे. पात्यांचं वर्तुळ सुमारे चार एकरांचं भरतं. समजा, कंपनीने पंख्यासाठी चौरस एक हेक्टर जमीन घेतली आणि मनोरा बरोबर मध्यभागी उभा केला. बांध 50 मीटरवर येतो आणि पातं 72 मीटरपर्यंत पोहोचतं. चारही बाजूंनी ते शेजाऱ्याच्या रानावरून फिरणार. करार ज्याच्याशी झाला त्याला पैसे मिळतात. ज्याच्या पिकावरून पातं फिरतं, ज्याच्या धुऱ्यावरून क्रेन जाते, त्याचा करारात उल्लेखही नसतो. शिवाय एका यंत्राने अडवलेला वारा दुसऱ्याच्या कामाचा राहत नाही, म्हणून पंखे लांब लांब ठेवावे लागतात. अख्ख्या शिवारातल्या दोन-चार गटांचंच नशीब उघडतं आणि बाकीच्यांच्या वाट्याला रस्ता, धूळ, आवाज आणि तारा येतात.

तरीही जागेवर हरकत घ्यायची तर ती कुठे घ्यायची? 2006च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत पवनऊर्जा नाही, म्हणून जनसुनावणी नाही. 2016 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिला 'पांढऱ्या' वर्गात, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांत टाकलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की राहत्या घरापासून पंखा 500 मीटर दूर हवा. रस्ता, रेल्वे आणि इमारतींपासूनचं अंतर मनोऱ्याची उंची, पात्यांचा अर्धा व्यास आणि वर 5 मीटर इतकं हवं. वरच्या यंत्राला हे 217 मीटर येतं. अंतर चांगलं आहे. पण पंख्याची जागा नक्की कुठली, हे गावाला आधी कळवण्याची सोय नसेल तर ते अंतर मोजणार कोण आणि कधी? पाया भरल्यावर मोजून उपयोग नसतो.

गावात कंपनीच्या आधी एजंट येतो. तो एकेका घरी जातो, सातबारा पाहतो, इसार देतो आणि शेजाऱ्याला काय भाव दिला ते सांगत नाही. पारदर्शक प्रक्रिया नसली की ती जागा ताकदवान माणसं भरून काढतात. केज तालुक्यातल्या मस्साजोगमध्ये 6 डिसेंबर 2024 रोजी पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले, आणि 9 डिसेंबरला त्यांचं अपहरण करून खून करण्यात आला. कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. या खुनाची कारणं अनेक असतील. पण जमिनीचा आणि कंत्राटांचा सगळा व्यवहार उघड्यावर झाला असता, तर खंडणीखोराला इतकी मोकळीक मिळाली नसती असं मला ठामपणे वाटतं.

तारांची गोष्ट याहून कठीण. 2003च्या वीज कायद्याच्या कलम 164खाली सरकारने अधिकार दिले की वाहिनी टाकणाऱ्याला 1885च्या तार कायद्याची ताकद मिळते. मालकाची संमती लागत नाही. अडवलं तर जिल्हादंडाधिकारी आदेश देतात, मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायालयात जायचं. जून 2024च्या केंद्रीय सूचनांनी मोबदला वाढवला आहे: मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के, तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के. वाढ स्वागतार्हच आहे. पण कायदा शेतकऱ्याला 'किती' एवढंच बोलू देतो, 'कुठे' हे बोलू देत नाही.

'कुठे' हा प्रश्न नांदेड-लातूरकरांनी दुसऱ्या एका प्रकल्पात विचारून दाखवला आहे. पवनार ते पत्रादेवी हा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग बारा जिल्ह्यांतून जायचा होता, त्यात हे दोन्ही जिल्हे होते. अर्धापूरकडचे शेतकरी केळीचं बागायती रान दाखवतात, इसापूर धरणाच्या पाण्यावर पिकणारं. तुळजापूर-लातूर-नांदेड-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग 361 असताना दुसरा कशाला, असं ते विचारतात. राज्य मंत्रिमंडळाने 24 जून 2025 रोजी या रस्त्यासाठी 20,787 कोटींना मान्यता दिली आणि विरोधही चालू राहिला. पण इथे निदान राजपत्र होतं, गट नंबरांची यादी होती, हरकतीची मुदत होती. कोल्हापुरात तर 2024च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सरकारला भूसंपादनाची अधिसूचना मागे घ्यावी लागली. छापील यादीमुळे पन्नास गावांतले अनोळखी शेतकरी एकत्र येऊ शकतात. पंख्याच्या बाबतीत ती यादी कंपनीच्या संगणकात असते.

धुळ्यात साक्री तालुक्यातला अनुभव वेगळा आहे. तिथे प्रश्न वनजमिनीचा होता. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन पवनचक्क्यांना दिली म्हणून आदिवासी सत्यशोधक चळवळीच्या झेंड्याखाली उभे राहिले. पुढे वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007पासून लागू झाला आणि 3 ऑगस्ट 2009च्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक केली. म्हणजे जंगलातल्या गावाला कागदावर तरी जो अधिकार आहे, तो माळावरच्या खातेदाराला नाही. ही तफावत मला कोणत्याच तर्काने पटत नाही.

बाहेर काय चालतं? डेन्मार्कने 2008च्या कायद्याने नव्या प्रकल्पातला पाचवा हिस्सा जवळच्या रहिवाशांना विकत देऊ करण्याची सक्ती केली होती. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2021 रोजी फोसेनमधल्या पवनप्रकल्पांचे परवाने अवैध ठरवले, कारण सामी पशुपालकांच्या रेनडियर चराईवर गदा आली होती. यंत्रं तोवर उभी होती आणि उभीच राहिली. जागेचा वाद पायाभरणीआधी सुटला नाही की निकालही पंगू होतो.

महाराष्ट्रात याला अजून वेळ आहे. बालाघाटावरचे पंखे अजून वाढायचे आहेत, आणि साताऱ्यातल्या जुन्या यंत्रांच्या जागी मोठी यंत्रं बसवण्यासाठी केंद्राने डिसेंबर 2023मध्ये नवं धोरण आणलं आहे. म्हणजे तिथेही करार नव्याने होतील. अशा प्रत्येक प्रकल्पात जमीन घेण्याआधी पंखे, रस्ते आणि तारांचा गट नंबरांसह नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, हरकतींना महिन्याची मुदत हवी आणि त्या तहसीलदाराने ग्रामसभेत ऐकल्या पाहिजेत. पात्याच्या टप्प्यात येणाऱ्या प्रत्येक खातेदाराला करारात जागा आणि भाड्यात वाटा मिळाला पाहिजे. राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात ही दोन कलमं घालायला केंद्राची परवानगी लागत नाही.