ध्वनिक्षेपक व विवर्धक यांची जुळणी

उच्च दर्जाच्या घरगुती ध्वनिक्षेपकासाठी (लाउडस्पीकरसाठी) विवर्धक निवडताना केवळ वॉटचा आकडा पाहणे फसवे असते. प्रथम ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता, म्हणजे ठराविक विद्युत् शक्तीस ठराविक अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी, पाहावी लागते. पातळी ३ डेसिबेलने वाढविण्यास शक्ती दुप्पट, तर २० डेसिबेलने वाढविण्यास १०० पट लागते. पॉल क्लिप्श यांच्या १९४६ मधील क्लिप्शहॉर्नची संवेदनशीलता १०० डेसिबेलहून अधिक असल्याने त्यास घरात थोडे वॉट पुरतात. बीबीसीने १९७० च्या दशकात विकसित केलेल्या एलएस ३/५ए ची मात्र ती सु. ८२ ते ८३ डेसिबेल आहे. शंभर वॉट देऊन ही तूट भरून काढावी, तर या चिमुकल्या ध्वनिक्षेपकाची सहनशक्तीच सु. २५ वॉट.

नमूद केलेला ८ ओहम संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) कंप्रतेनुसार बदलतो व कित्येकदा ४ ओहमखाली उतरतो; तेथे पुरेसा प्रवाह पुरविणारा विवर्धकच टिकतो. म्हणून संरोधाचा आलेख अवश्य पाहावा. कमी शक्तीचा विवर्धक सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. तो मर्यादेपलीकडे चालविल्यास तरंगांची शिखरे छाटली जाऊन उच्च कंप्रतांची ऊर्जा वाढते व नाजूक ट्वीटर जळू शकतो.