शब्बाथ आणि दावणीचा बैल

विश्रांतीच्या दिवशी माणूस पाण्यात पडला तर त्याला बाहेर काढायचं की नाही? प्रश्नच चमत्कारिक वाटतो. पण मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत सापडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गुंडाळीत त्याचं रीतसर उत्तर आहे: आपलं वस्त्र त्याच्याकडे टाकून ओढून घ्यावं, अवजार मात्र आणू नये. आणि जनावर पडलं तर? राहू द्यावं तिथंच!

हे कळलं की मत्तयाच्या शुभवर्तमानातला येशूचा सवाल वेगळाच ऐकू येतो. शब्बाथाला मेंढरू खड्ड्यात पडलं तर तुमच्यापैकी कोण ते वर काढणार नाही? वरवर हा नुसता दृष्टांत वाटतो. तो तर त्या काळचा चालू वाद होता.

शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा. तो का पाळायचा, याची बायबलमध्ये दोन कारणं आहेत. त्यातलं ‘निर्गम’ हे पुस्तक सांगतं: देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगतं: तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका, म्हणून दास, दासी, परका, बैल, गाढव, सगळ्यांना सुटी. थक्क करतं ते हे दुसरं कारण. (कोकणातल्या बेने इस्रायली या यहुदी समाजाने हा दिवस इतक्या निष्ठेने पाळला की लोक त्यांना ‘शनिवार तेली’च म्हणू लागले. घाण्याच्या बैलालाही आठवड्याची सुटी मिळत असणार!)

लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात सभास्थानात एक बाई येते. १८ वर्षं कमरेत वाकलेली, सरळ होताच येत नाही. ती काही मागत नाही. येशूच तिला बोलावतो, हात ठेवतो आणि ती ताठ उभी राहते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो. त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही: कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा येऊन बरे व्हा. जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, असं यहुदी परंपराही सांगते. पण हिचा जीव कुठे जात होता? १८ वर्षं काढली, आणखी एक दिवस काढेल.

येशूचं उत्तर थेट गोठ्यातलं. शब्बाथाला बैल-गाढवाचं दावं सोडून त्यांना पाण्यावर नेताच ना? मग १८ वर्षं बांधून पडलेली अब्राहामाची ही लेक आज का सुटू नये? गुलामगिरीतून सुटल्याची आठवण ठेवण्याचा दिवस आहे हा. सुटकेला याहून चांगला मुहूर्त कोणता? माझ्या मते, उद्या या म्हणणाराच आज्ञा विसरला होता.

पुढे ख्रिस्ती लोक येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार पाळू लागले. इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने त्या दिवशी न्यायालयं आणि शहरातले कामधंदे बंद ठेवण्याचा कायदा केला. हंगाम चुकू नये म्हणून शेतीला तेवढी सूट दिली. त्याच वर्षी जुलैत आणखी एक फर्मान निघालं: रविवारी खटले चालणार नाहीत, पण गुलामाला मुक्त करायचं असेल तर त्याची नोंद त्या दिवशीही करता येईल.