मोकळी प्रणाली, मुकी चिप

लिनक्स किंवा बीएसडी चालवायचं तर कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न गेली तीस वर्षं विचारला जातोय. उत्तर देणारे बहुधा प्रणालीचं नाव सांगून मोकळे होतात: उबुंटू टाक, डेबियन टाक, फेडोरा बघ. माझ्या मते मूल्यमापन तिथून सुरूच होत नाही. ते सुरू होतं यंत्रातल्या चिपपासून. त्या चिपशी बोलायचं कसं हे तिच्या निर्मात्याने जगाला सांगितलं, की कुलपात ठेवलं? ओपन सोर्स प्रणालींच्या वाटचालीकडे मागे वळून पाहताना हाच प्रश्न दर वळणावर भेटतो, आणि या विषयावरच्या पुस्तकांचं बरंवाईटही त्यालाच बांधलेलं दिसतं.

या वाटचालीच्या मुळाशी एक पुस्तक आहे. १९७६च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड आणि त्यावरचं ओळीओळीचं भाष्य विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. पुढच्या आवृत्तीच्या परवान्यात एटी अँड टी कंपनीने हा कोड वर्गात शिकवायला मनाई केली. मग लायन्सचं भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत हातोहात फिरत राहिलं. रीतसर छापून यायला १९९६ उजाडलं. शिकवायला कोडच उरला नाही म्हणून ॲमस्टरडॅममधल्या अँड्र्यू टॅननबॉम यांनी मिनिक्स ही स्वतःची छोटी प्रणाली लिहिली आणि १९८७ साली तिचा कोड पाठ्यपुस्तकात छापला. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सने ते पुस्तक वाचलं. ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वर्दी देताना त्याने सांगून टाकलं होतं, की एटी हार्ड डिस्कखेरीज दुसरं काही तिच्यात बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढंच होतं. पहिल्या दिवसापासून प्रणालीची हद्द लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या हार्डवेअरने ठरवली होती.

त्याच वर्षी जानेवारीपासून विल्यम आणि लिन जोलिट्झ हे दांपत्य ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’मध्ये बीएसडी युनिक्स ३८६ प्रोसेसरवर कसं आणायचं याची लेखमाला लिहीत होतं. गुणवत्तेने पाहिलं तर बीएसडीची घडण तेव्हाच्या लिनक्सपेक्षा कितीतरी पक्व होती. पण १९९२ ते १९९४ ही मोक्याची वर्षं बीएसडी जिथून आली त्या बर्कले विद्यापीठाच्या कोडवरच्या खटल्यात गेली, आणि तोवर हौशी लोक लिनक्सकडे वळले होते. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी १९९३ साली उभ्या राहिल्या आणि टिकल्याही. मात्र जास्त वापरणारे म्हणजे हार्डवेअरशी बोलणारे ड्रायव्हर लिहिणारेही जास्त, हे गणित लिनक्सच्या बाजूने लागलं.

आपल्याकडे लिनक्स पोचलं ते मुख्यतः संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवरून. डायल-अपवर काही शे मेगाबाइट उतरवून घेणं कोणाला परवडत होतं? लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला असेंबल्ड पीसी आणि त्यावर ही सीडी. इथे पहिली ठेच मॉनिटरची. पडद्यावर खिडक्या आणणारं एक्सफ्री८६ मांडताना मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता आकड्यांत भरावी लागे. चुकीच्या आकड्यांनी मॉनिटरला इजा होऊ शकते असा इशारा असे, आणि तो वायफळ नव्हता. खरे आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत. असेंबल्ड पीसीसोबत ती पुस्तिका मिळणं म्हणजे नशीब. दुसरी ठेच मॉडेमची. स्वस्त इंटर्नल मॉडेममधून सिग्नल हाताळणारी चिपच काढून टाकलेली असे. ते काम विंडोजचा ड्रायव्हर पीसीच्या प्रोसेसरकडून करून घ्यायचा. ड्रायव्हर बंद, माहिती बंद, म्हणून लिनक्सवर तो मॉडेम म्हणजे नुसता पत्रा. सिरियल पोर्टला लावायचा एक्स्टर्नल मॉडेम महाग होता, पण त्याला वर्षानुवर्षं सर्वांना ठाऊक असलेल्या आज्ञा कळत आणि तो कुठल्याही प्रणालीवर चाले. हार्डवेअर पारखण्याचा पहिला धडा इथे मिळाला: जाहीर मानकाने बोलणारी वस्तू थोडी महाग पडली तरी घ्यावी.

पुस्तकांची टंचाई मात्र मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सनी बरीच कमी केली. ओ’रायली प्रकाशनाची पुस्तकं त्यांनी भारतीय किमतीत छापली आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून ती विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागली. त्यातलं ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ हे मी आजही या विषयावरचं सर्वांत उदार पुस्तक मानतो. अलेस्सांद्रो रुबिनी यांची पहिली आवृत्ती १९९८ची; जोनाथन कॉर्बेट आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्यासह आलेली तिसरी २००५ची, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.१० या आवृत्तीवर बेतलेली, आणि इंटरनेटवर फुकट वाचायला खुली. चौथी आवृत्ती कधी आलीच नाही. आज त्यातली उदाहरणं जशीच्या तशी कंपाइल होत नाहीत, म्हणून कित्येक जण ते पुस्तक कालबाह्य म्हणून बाजूला ठेवतात. ते का कालबाह्य झालं, हे मात्र समजून घ्यायला हवं.

लिनक्स कर्नलच्या आतले दुवे जाणीवपूर्वक अस्थिर ठेवलेले आहेत. आतलं एखादं फंक्शन बदलायचं असेल, तर बदलणाऱ्याने ते वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर सोबत दुरुस्त करायचे, असा रिवाज आहे. याचे परिणाम दोन. कर्नलच्या अंतरंगावरचं कोणतंही पुस्तक काही वर्षांत शिळं होतं. बोवेट आणि चेसाती यांचा ग्रंथ शिळा झाला, रॉबर्ट लव्ह यांचं पुस्तकही झालं. पण ज्या हार्डवेअरचा ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य सोर्स कोडमध्येच आहे, ते पंधरा-पंधरा वर्षं आपसूक चालत राहतं, कारण दर बदलासोबत कोणीतरी त्याची डागडुजी करत असतं. निर्मात्याने बाहेरून दिलेला बंद ड्रायव्हर दोन-तीन कर्नलनंतर मान टाकतो. पुस्तकाला मारणारा निर्णयच जुन्या यंत्राला जगवतो. जुने थिंकपॅड अजून लोकांच्या हातात दिसतात त्यामागे त्यांचा कीबोर्ड आहे तसंच हेही आहे.

म्हणूनच पुस्तकं निवडताना मी कर्नलच्या बाहेरच्या कडेवरची आधी घेतो. प्रोग्रामना दिसणारी बाजू मोडायची नाही, हा टोरवाल्ड्सचा नियम कडक आहे. त्यामुळे रिचर्ड स्टीव्हन्स यांचं १९९२चं युनिक्स प्रोग्रामिंगवरचं पुस्तक नंतरच्या सुधारित आवृत्त्यांत टिकून आहे, आणि मायकेल केरिस्क यांचा २०१०चा दीड हजार पानांचा ठोकळा आजही टेबलावर ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत पिढ्यांनी वाचलेलं मॉरिस बाख यांचं १९८६चं पुस्तक तर ज्या युनिक्सवर आहे ते आता कोणी चालवत नाही. तरीही डिस्कवरची माहिती मेमरीत राखणारी बफर कॅशे तशी का रचली याचं कारण त्यात इतकं नीट सांगितलंय की ते वाचून आजचा कोड कळायला लागतो.

वाय-फायचा काळ सगळ्यांत कडू गेला. २००३ नंतर लॅपटॉप बिनतारी झाले आणि लिनक्सवाल्यांवर विंडोजचे ड्रायव्हर एनडीआयएसरॅपरमध्ये गुंडाळून चालवायची पाळी आली. याच वर्षांत ओपनबीएसडीचे थिओ द राट यांनी घेतलेली भूमिका मला आजही सर्वांत स्वच्छ वाटते: आम्हाला ड्रायव्हर नको, दस्तऐवज द्या, ड्रायव्हर आम्ही लिहू. रालिंकसारख्या तैवानी कंपनीने माहिती दिली आणि तिच्या चिपना चांगले मुक्त ड्रायव्हर मिळाले. अथेरॉसच्या ड्रायव्हरमधल्या बंद भागाला ओपनबीएसडीत उलगडून पर्याय लिहिला गेला. पुढे २००८ साली त्या कंपनीनेच मुक्त ड्रायव्हर दिला. ब्रॉडकॉमला त्यासाठी २०१० उजाडलं.

या भांडणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचं हिरवं-पांढरं एक्सओ यंत्र २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतकडच्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत आलं. मुलांनी यंत्राच्या आतला कोड उघडून पाहावा, ही त्यामागची कल्पना. प्रणाली फेडोरावर उभी. पण त्याच यंत्रातल्या मार्व्हेलच्या वाय-फाय चिपचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा कोड, बंद होतं, आणि द राट यांनी आदल्या वर्षीच त्यावर जाहीर टीका केली होती. प्रोसेसर झोपलेला असतानाही शेजारच्या यंत्रांचे संदेश पुढे धाडण्याची या चिपची करामत खेड्यातल्या शाळेसाठी मोलाची होती, हे मान्य. तरीही शिकण्यासाठी म्हणून बनवलेल्या यंत्राचा एक कोपरा शिकण्यासाठी बंद राहावा, हे मला पटलं नाही.

ग्राफिक्सचं सांगायचं तर एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये दस्तऐवज खुले करण्याची घोषणा केली आणि शब्द पाळला. लिनक्ससाठी कार्ड घेणाऱ्याला त्यानंतर फार विचार करावा लागला नाही. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नलमधला भाग मुक्त केला, पण तोवर बरंचसं काम कार्डवरच्या बंद फर्मवेअरमध्ये हललेलं होतं. तो भाग खुला होताच कुलूप एक मजला खाली गेलं.

डेबियनने ही स्थिती प्रामाणिकपणे मान्य केली. २०२२ साली सदस्यांनी मतदान करून बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते वेगळ्या विभागात, नाव सांगून येतं. तत्त्व सोडलं अशी टीका झाली. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण कोणतं यंत्र कुठे मुकं आहे ते आता वापरणाऱ्याला दिसतं. पूर्वी त्याचं वाय-फाय नुसतंच बंद असे.

आणि या बंद-खुल्याच्या वर्तुळाबाहेरची एक वाट. एमआयटीत २००६ साली लायन्सच्याच सहाव्या आवृत्तीवरून एक्सव्ही६ ही शिकवण्याची प्रणाली रचली. पुढे ती रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाच्या प्रोसेसरवर आणली. कोड दहा हजार ओळींच्या आत, सोबतचं पुस्तक मोफत, आणि प्रोसेसरच्या आज्ञासंचाचं मॅन्युअलही मोफत. विद्यार्थ्याला प्रणाली, पुस्तक आणि प्रोसेसरचं वर्णन तिन्ही उघडी मिळतात, तेही अनुकरण करणाऱ्या क्यूएमूवर, बोर्ड न घेता. खरा बोर्ड घेतला की जुना प्रश्न परत येतो. व्हिजनफाइव्ह २ या लोकप्रिय बोर्डवरचा ग्राफिक्स कोअर इमॅजिनेशन कंपनीचा, आणि ही कंपनी बंद ड्रायव्हरसाठी वर्षानुवर्षं बदनाम. आता तिनेच मुक्त ड्रायव्हर लिहायला घेतलाय. २०२४ साली लिनक्स ६.८मध्ये त्याचा कर्नलमधला भाग दाखल झाला. कोणत्या कोअरवर तो चालतो त्याची यादी सुरुवातीला तरी छोटी होती. पैसे मोजण्याआधी खोक्यावरच्या ‘लिनक्स चालतं’ या ओळीपेक्षा ती यादी बघावी.