डोनटच्या भोकाचे गणित

बेकरीच्या काचेच्या कपाटात डोनट ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. फुगीर, तांबूस, वर साखरेचा चकचकीत लेप आणि मधोमध एक गोल भोक. हे भोक कशासाठी? शोभेसाठी? पीठ वाचवण्यासाठी?

आता आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. कडबोळे म्हणजे तर वळलेले कडेच. मेदूवड्याला भोक असते. बालूशाहीच्या पोटात अंगठ्याने खळगा केलेला असतो. पदार्थ निराळे, गावे आणि देश निराळे, पण तळणाऱ्याची अडचण सगळीकडे एकच आहे. ती अडचण कोणती आणि भोकामुळे ती कशी सुटते, हे आपण आज डोनटच्याच मदतीने समजावून घेऊ या.

नळीतले पीठ

अमेरिकेत घरच्या घरी झटपट डोनट करण्याची एक सोपी रीत आहे. तेथे दुकानातील शीतकपाटात पुठ्ठ्याच्या नळीत भरलेले तयार पीठ मिळते. त्याला ‘बिस्किटाचे पीठ’ म्हणतात. मात्र तिथले बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे. तो एक मऊ, पदर सुटणारा, खारट चवीचा लहानसा पाव असतो. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराच्या लाइव्हली विलोबी याने असे पीठ नळीत भरून थंड ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९३१ साली मिळवले. बॅलर्ड अँड बॅलर्ड या तिथल्या कंपनीने ते बाजारात आणले आणि १९५१ साली ही कंपनी पिल्सबरीने विकत घेतली.

कृती अगदी थोडक्यात सांगता येते. नळी उघडायची, आतल्या गोल चकत्या सुट्या करायच्या, बाटलीच्या झाकणाने प्रत्येकीला मधोमध भोक पाडायचे, तळायचे आणि साखरेच्या लेपात बुडवायचे. मळणे नाही, पीठ फुगण्यासाठी तासन् तास थांबणे नाही. मग हे पीठ फुगते कसे?

या पिठात खाण्याचा सोडा असतो आणि त्याच्या जोडीला सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट नावाचा आम्लधर्मी क्षार असतो. ओलाव्यात या दोघांची रासायनिक क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. थंडीत ही क्रिया फार मंद चालते. नळी भरल्यावर थोडासा वायू सुटतो, पीठ नळीभर फुगते आणि आत दाब निर्माण होतो. म्हणून नळी उघडताना ‘फट्’ असा आवाज होतो. उरलेली क्रिया गरम तेलात पडल्यावर वेगाने पुरी होते.

शिवाय वायूचे प्रसरणही होतेच. पीठ शीतकपाटातल्या ५ अंश सेल्सिअसवरून ९५ अंशांपर्यंत तापले असे समजा. निरपेक्ष तापमानात सांगायचे, तर ते २७८ वरून ३६८ केल्व्हिनपर्यंत गेले. दाब तोच राहिला, तर आतल्या वायूचे घनफळ सुमारे १.३ पट होईल. त्यात पाण्याच्या वाफेची भर पडते ती वेगळीच.

हा सगळा वायू धरून ठेवते ते मैद्यातील ग्लुटेन. रबरासारखे ताणले जाणारे हे प्रथिनांचे जाळे आहे. मात्र नुसते ताणून भागत नाही. पीठ पुरेसे तापले म्हणजे मैद्यातील पिष्टकण पाणी शोषून फुगतात, प्रथिने घट्ट होतात आणि जाळीचा सांगाडा कायमचा उभा राहतो. गाभ्यापर्यंत एवढी उष्णता पोचलीच नाही, तर मध्ये चिकट गोळा राहतो आणि फुगलेला डोनट कढईबाहेर येताच खाली बसतो. तेव्हा खरा प्रश्न आहे तो उष्णतेच्या प्रवासाचा.

अंतर दुप्पट, वेळ चौपट

पीठ हा उष्णतेचा मंद वाहक आहे. तेलाची उष्णता बाहेरून आत सरकते ती थराथराने. समजा, गाभा पृष्ठभागापासून १ सेंमी अंतरावर आहे. आता हे अंतर २ सेंमी केले, तर वेळ किती लागेल? तुम्ही पटकन ‘दुप्पट’ म्हणाल. पण तसे नाही.

अंतर दुप्पट झाले की दोन गोष्टी घडतात. पहिली, तापवायचा थर दुप्पट जाड होतो. म्हणजे उष्णताही दुप्पट लागते. दुसरी, बाहेरच्या आणि आतल्या तापमानांतला फरक तोच, पण तो दुप्पट अंतरावर पसरतो. उतार कमी झाला की ओढ्याचे पाणी संथ वाहते, तशी उष्णतेच्या वहनाची गती निम्मी होते. दुप्पट उष्णता आणि तीही निम्म्या गतीने. म्हणून वेळ लागतो चौपट. अंतर तिप्पट झाले, तर वेळ नऊपट. थोडक्यात, वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

तळणाऱ्याची अडचण ती हीच. बाहेरचा पापुद्रा दोन-तीन मिनिटांत तांबूस होतो. तो काही गाभ्याची वाट पाहत थांबत नाही.

गोळा की कडे?

आता थोडे गणित करू. पिठाचा ४ सेंमी व्यासाचा एक गोळा घ्या. सूत्राप्रमाणे त्याचे घनफळ सुमारे ३३.५ घन सेंमी आणि पृष्ठफळ सुमारे ५० चौ. सेंमी येते. त्याचा गाभा पृष्ठभागापासून २ सेंमी आत आहे.

तेवढ्याच पिठाची २ सेंमी जाडीची गोल वळी करा. तिची लांबी सुमारे १०.७ सेंमी भरेल. टोके जुळवली की कडे तयार. त्याचे पृष्ठफळ सुमारे ६७ चौ. सेंमी येते, म्हणजे गोळ्याच्या सव्वापटीहूनही जास्त. आणि गाभ्याचे अंतर? फक्त १ सेंमी, म्हणजे बरोबर निम्मे.

वर्गाच्या नियमाने कड्याला गोळ्याच्या पावपटच वेळ लागायला हवा. पण येथे एक बारकावा आहे. गोळ्याच्या गाभ्याकडे उष्णता वरून, खालून आणि चारी बाजूंनी येते. वळीच्या गाभ्याकडे ती भोवतालच्या बाजूंनी येते, पण वळीच्या लांबीच्या दिशेने येत नाही. त्यामुळे कड्याचा फायदा थोडा घटतो. हा बारकावा धरून हिशेब केला, तर कड्याला गोळ्याच्या सुमारे ४३ टक्के वेळ पुरतो. तरीसुद्धा निम्म्याहून कमीच!

‘पण नळीतल्या पिठाची तर चपटी चकती असते. तिला भोक कशाला?’ असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतील. चकती तेलात पडली की मध्यभागी फुगून जाड होते, म्हणजे हळूहळू गोळ्याकडेच झुकते. शिवाय ती तरंगत असल्यामुळे एका वेळी एकच बाजू तेलात असते. भोक पाडले की जिथे सर्वांत जास्त उशीर लागणार, तो भागच काढून टाकला जातो आणि त्या जागी गरम तेल येते.

भोक नको असेल, तर दुसराही मार्ग आहे. गुलाबजाम आठवा. तो पुरा गोल, तरी आतपर्यंत तळला जातो. कारण तो मंद आचेवर सावकाश तळतात. बाहेरच्या पापुद्र्याला उशिरा रंग चढतो आणि गाभ्याला वेळ मिळतो. एकाने आकार बदलला, दुसऱ्याने आच बदलली. नियम दोघांनाही एकच.

कप्तानाची गोष्ट

डोनटला भोक मुळापासून नव्हते. वॉशिंग्टन आयर्व्हिंग या लेखकाने १८०९ साली न्यूयॉर्कच्या डच वसाहतीविषयी लिहिलेल्या विनोदी इतिहासात ‘डोनट’ येतात, ते चरबीत तळलेल्या गोड पिठाचे गोळे म्हणून. भोकाचे श्रेय मेन राज्यातील हॅन्सन ग्रेगरी या खलाशाने स्वतःकडे घेतले. म्हातारपणी, १९१६ साली, त्याने बातमीदाराला सांगितले, की १८४७ साली आपण सोळा वर्षांचे असताना जहाजावरचे डोनट कडेला तळले जात, पण आत कच्चे राहत. तेव्हा आपण मिरपुडीच्या डब्याच्या गोल झाकणाने मधला भाग कापून काढला. याला पुरावा त्याच्या शब्दांचाच. पण त्याने सांगितलेले कारण मात्र भौतिकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते.

कढईत काय घडते?

डोनटसाठी तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअस तापवतात. पीठ पडताच बुडबुड्यांचा चरचराट होतो. हे बुडबुडे तेलाचे नव्हेत, तर पिठातल्या पाण्याच्या वाफेचे. वाफ जोराने बाहेर पडत असते, तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. ओला गाभा १०० अंशांच्या वर जात नाही. पृष्ठभाग मात्र कोरडा पडून त्याहून पुष्कळ तापतो. तिथे शर्करा आणि प्रथिनांतील ॲमिनो आम्ले यांच्यात क्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मायार याने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात.

तेल बरेचसे आत शिरते ते डोनट बाहेर काढल्यावर! पापुद्र्यातील वाफ थंड होऊन आकसते, तिथला दाब घटतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्याने काढताच तेल नीट निथळावे आणि लगेच कागदावर टिपावे. थंडावल्यावर टिपून उपयोग नाही.

साखरेचा लेप

लेपासाठी १२० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, दूध एकत्र घोटतात. एवढी साखर एवढ्याशा दुधात विरघळेल का? २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. ३० मिलिलिटर दुधात पाणी असते सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे त्यात फार तर ५४ ग्रॅम साखर विरघळेल. निम्म्याहून जास्त साखर न विरघळता संपृक्त द्रावणात सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत राहते. म्हणूनच लेप पांढरट दिसतो. कण फार बारीक असल्याने ते जिभेला जाणवत नाहीत. घरी दळलेली साखर मात्र बारीक चाळणीतून चाळून घ्यावी, नाहीतर लेप रवाळ होतो.

डोनट कोमट असताना बुडवला, की लेप पातळ होऊन सारखा पसरतो, थोडे पाणी उडून जाते आणि काही मिनिटांत लेप सुकतो. बालूशाहीवरची साखर मात्र पाक आटवून आणतात. पाक थंड होताना त्यातून साखरेचे स्फटिक सुटतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दोन्ही लेप चिकट होतात. कारण साखर हवेतला ओलावा ओढून घेते.

करून पाहा

नळीतले पीठ नसले, तरी अडत नाही. १२० ग्रॅम मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. त्यात २५ ग्रॅम थंड लोणी चोळा आणि सुमारे ७५ मिलिलिटर दूध घालून हलक्या हाताने गोळा करा. फार मळू नका. मळल्याने ग्लुटेन घट्ट होते आणि डोनट चिवट होतो.

१. पिठातून ४०-४० ग्रॅमचे दोन भाग तोलून घ्या. एकाचा गोळा करा, दुसऱ्याचे २ सेंमी जाडीचे कडे वळा.

२. दोन्ही एकाच वेळी तेलात सोडून, मधूनमधून उलटत ३ मिनिटे तळा. पिठाचा कण टाकताच तो बुडबुड्यांसह वर आला, तर तेल तापले असे समजा.

३. निवल्यावर दोन्ही मधोमध कापा. पट्टीने कच्चा भाग मोजून वहीत नोंद करा. कच्चे पीठ चाखू नका. न शिजलेल्या मैद्यात रोगजंतू असू शकतात.

तळण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. कढई अर्ध्याहून जास्त भरू नये. तेलाने पेट घेतला, तर पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होऊन ती सुमारे १७०० पट जागा व्यापते आणि पेटते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवणे हाच उपाय.

शिक्षकांना वर्गात हाच नियम तेलाशिवायही दाखवता येईल. बटाट्याचे २ सेंमी आणि ४ सेंमी बाजूंचे घन कापून उकळत्या पाण्यात सोडा आणि टाचणी गाभ्यापर्यंत सहज शिरायला प्रत्येकाला किती मिनिटे लागतात ते पाहा. मोठ्याला दुप्पट वेळ लागतो, की चौपटीच्या जवळपास?

आणि जाता जाता एक प्रश्न. डोनटच्या भोकातून निघालेली छोटी गोळी तळायला किती वेळ द्याल? गोळीचा व्यास २ सेंमी धरा, वर दिलेले नियम वापरा आणि उत्तर आधी वहीत लिहा. मग कढईला विचारा.