विहिरीतली बुडी, समुद्रातली बुडी

धाराशिव जिल्ह्यातली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत. दम धरून बुडी मारायची, तळाचा गाळ मुठीत घ्यायचा आणि दम धरूनच वर यायचे. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाठीवर टाकी बांधून प्रवाळ पाहायला उतरताना मात्र हीच सवय जिवावर बेतू शकते. असे का?

आधी साधी नळी पाहू. तोंडात ती धरून पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ बघता येतात. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. नळी जेमतेम दोन वितींची. मग लांब नळी घेऊन तळाशीच का बसू नये? एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅम जादा भार येतो. छाती 1000 चौरस सेंटिमीटर धरा; श्वास घ्यायला 100 किलो उचलावे लागतील!

स्कूबाची झडप, जी 1943 साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी बनवली, टाकीतली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाने देते. दहा मीटरवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वरून नेलेली सहा लिटर हवा तिथे तीन लिटर होते, वर आल्यावर पुन्हा सहा. पण तिथेच टाकीतून सहा लिटर भरून घेतली, तर बॉईलच्या नियमाप्रमाणे वर येताना तिची बारा लिटर होऊ पाहते. दम धरलेला असेल तर फुप्फुस फाटते, बुडबुडे रक्तात शिरतात. छाती भरलेली असताना दीड-दोन मीटरची चढणही याला पुरते. म्हणून टाकी लावल्यावर श्वास कधीच रोखायचा नाही.

वर्गात दाखवायचे तर मोठी, बिनसुईची सिरिंज घ्या. आत किंचित फुगवलेला इवलासा फुगा ठेवा, टोक बोटाने दाबून धरा आणि दट्ट्या मागे ओढा.